एका टीममध्ये दोघं

४ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ओरडेन, म्हणून पत्र. तू मॅनेजर असलेल्या रेसिंग टीममध्ये थोरला सहा वर्षं गाडी चालवतोय. आता धाकट्यालाही त्याच्या टीममधून फोडून तिथेच आणलंस, आणि हे मला बातम्यांतून कळावं? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. वेगवेगळ्या टीममध्ये होते तेव्हा एकमेकांना हरवायचे आणि घरी येऊन शेजारी बसून जेवायचे. मालकांना दोन हुकमाचे एक्के हवेत, समजलं. पण ते माझ्या पोटचे आहेत. जन्मभर यांची भांडणं सोडवली, आता दमले रे.

लोभ आहेच, राग निवला की वाढेलही.

तुझी आक्का

१९ जुलै

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

तुझंच खरं ठरलं. एका वेळी एकाच गाडीचे टायर बदलता येतात, म्हणून कोणावर अन्याय नको असं ठरवून मी पाळी लावली होती: एका शर्यतीत थोरला आधी, पुढच्या शर्यतीत धाकटा. काल पाळी थोरल्याची, पण पुढे होता धाकटा, आणि मध्येच पाऊस आला. पावसाचे टायर ज्याला आधी मिळतील तो जिंकणार, हे दिसत होतं. तरी मी पाळी मोडली नाही. धाकटा जुन्या टायरांवर घसरत आणखी एक फेरी मारून आला, तोवर थोरला पुढे गेलेला. चिडून धाकट्याने वळणावर गाडी थोरल्याच्या अंगावर घातली. दोन्ही गाड्या चिखलात, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. लागलं कोणालाच नाही, काळजी करू नकोस.

आता मेकॅनिकसुद्धा एकमेकांना पाना देत नाहीत. मालक म्हणतात, पुढच्या वर्षी एकालाच ठेवा. जाणाऱ्याचं नाव मी द्यायचंय. कोणाचं देऊ?

आशीर्वाद असू दे, फार गरज आहे.

तुझा भाऊ

२७ जुलै

चि. भाऊस, आशीर्वाद.

आईला असलं विचारतात का? धाकटा फोनवर भावाचं नाव काढत नाही, थोरला हं-हं करून ठेवून देतो. मी नाव देणार नाही. निस्तर तुझं तू.

लोभाचं नंतर बघू.

आक्का

८ नोव्हेंबर

ती. आईस, शि. सा. नमस्कार.

मामाला त्रास नको, म्हणून मालकांना मीच सांगितलं, जाणारा मी. धाकट्याच्या जुन्या टीममध्ये जातोय. गाडी हळू आहे, जिंकायचे दिवस बहुतेक संपले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

काल सामान आवरत होतो, तर धाकटा आला आणि हेल्मेटची पेटी उचलून बाहेरपर्यंत चालत आला. त्याला हायसं वाटलं होतं, ते लपत नव्हतं. पण मग माझ्या गाडीशी उभा राहून सांगू लागला, की त्याच्या जुन्या टीमच्या गाडीची मागची बाजू वळणावर सुटते, ब्रेक लवकर लाव, तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं ऐक. बराच वेळ बोलला. मार्चपासून माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

लोभ दोघांवर सारखाच ठेव. जिंकेल त्याच्यावर जरा कमी.

तुझा थोरला