मेघाचं म्हणणं

३ फेब्रुवारी

आज मेघाला मारणाऱ्या बंगलेवाल्याच्या जामिनाची तारीख होती आणि आम्हाला पत्ताच नाही! माझा मित्र मिलिंद दुसऱ्या कामाला कोर्टात गेला होता, त्याने फोन केला. धावत गेलो. हवालदार म्हणाला, "तुझ्या बाबांना कळवलं होतं की." मी म्हणालो, "पाइपचा मार बाबांना बसला होता का?" — हे माझ्या तोंडून निघालं!

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात जामिनाआधी पीडितेला कळवावंच लागतं, तिचं ऐकावंच लागतं. आधीच वाचलं होतं, तेच कोर्टात सांगितलं. पुढची तारीख ११.

घरी बाबा म्हणाले, "पोरीला कशाला कोर्टात उभी करायची रं? म्हणून नाय सांगितलं."

४ फेब्रुवारी

मेघाचा हात अजून प्लॅस्टरमध्ये. त्याच्या बंगल्यावर कामाला असताना पाहुण्यांच्या फिल्टरचं पाणी बाटलीत भरलं, एवढाच तिचा गुन्हा. जात काढून पाइपने मारलं. तो सुटून आला तर ही कामाला जाणार कशी? बाकीच्या बंगल्यांचा रस्ता त्याच्याच फाटकासमोरून जातो.

७ फेब्रुवारी

मेघाचं म्हणणं लिहून काढलं. दोन पानं, चार वेळा. "जामीन देऊ नये" खाली रेघ. पाठ करायला दिलं.

"दादा, एवढं मोठं?"

"पाठ कर."

९ फेब्रुवारी

बंगलेवाल्याचा माळी बुधाजी आला होता. "मिटवून टाका रं." आई म्हणाली, "चहा पी आणि चालू लाग."

११ फेब्रुवारी

सरकारी वकील म्हणाले, "मी बोलतो, तुम्ही बसा." बसलो नाही. "तिला बोलायचंय, साहेब."

जज मॅडमनी मेघाला विचारलं, "काय म्हणायचंय?" मी कागद पुढे केला. तिने घेतला नाही.

"मॅडम, सोडायचा तर सोडा. पन केस संपेपर्यंत पळसदरीत त्यानं पाय ठेवायचा नाय. गाव माझं हाय. त्याचा नुसता बंगला हाय."

मी कागद चुरगाळून खिशात कोंबला.

हवालदाराने तिला विचारलं नाही, बाबांनी विचारलं नाही. आणि मी? दोन पानं लिहिली!

१४ फेब्रुवारी

जामीन झाला. खटला संपेपर्यंत पळसदरीत यायला बंदी.

२४ फेब्रुवारी

प्लॅस्टर परवा निघालं. सकाळी मेघा कामाला निघाली. मी चपला घातल्या.

"दादा, मी तुला बोलावलं का?"

एकटी गेली.