मुरगूडच्या दोन मावशी

बाई, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज परिचारिकांच्या वर्गात मी पुन्हा तुमची हकिकत शिकवली, आणि घरी आल्यावर जाणवलं की तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडेच राहून गेली आहे. ती क्रमानं सांगते. क्रम सोडून सांगितलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

राजारामपुरीतल्या आपल्या लहानशा रुग्णालयात नव्वदच्या दशकात तुम्ही मेट्रन होतात आणि मी नुकती कोर्स संपवून आलेली सिस्टर. एकाच आडनावाच्या चार-चार जणी एका वेळी भरती असत, म्हणून बायकांच्या वॉर्डात पेशंटला गावावरून हाक मारायची रीत पडली होती. कागलच्या काकू, गारगोटीच्या आजी. त्यात आपुलकी होती आणि काम भराभर उरकायचं. मग एका आठवड्यात मुरगूडच्या दोन मावशी शेजारशेजारच्या खाटांवर आल्या. एकीला साखरेचा आजार आणि पायाला जखम; दुसरी पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी मावशी गुंगीत असताना माझ्या बरोबरीच्या सिस्टरनं पहिलीचं इन्सुलिन तिला दिलं. थोड्या वेळानं ती घामानं थबथबली, तिचे हातपाय कापू लागले. धावपळ झाली, शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दुपारपर्यंत ती सावरली. त्या सिस्टरनं, कुणी सांगितलं नसताना, घटनांच्या नोंदवहीत सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं.

ती वही तेव्हा साहेबांच्या, म्हणजे आपल्या वैद्यकीय अधीक्षकांच्या केबिनमध्ये असे. लिहायचं तर आधी दार वाजवायचं, मग कारण सांगायचं, मग त्यांच्यासमोर उभ्यानं लिहायचं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तिला मेमो दिला आणि त्याची प्रत जेवणाच्या खोलीबाहेरच्या फलकावर लावली. डबा घेऊन आत जाताना प्रत्येक जण तिचं नाव वाचत जाई. महिन्याच्या आत ती नोकरी सोडून माहेरी, वारणानगरला निघून गेली.

त्यानंतर तीन महिने वही कोरी राहिली. बैठकीत साहेब समाधानानं म्हणाले, "बघा मेट्रन, एका मेमोनं केवढी शिस्त आली."

"शिस्त न्हाय आली, साहेब," तुम्ही म्हणालात. "चुका हायत तेवढ्याच हायत. पोरी गप झाल्यात."

"मग काय, चुकणाऱ्यांचा नारळ देऊन सत्कार करू?"

"नारळ ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळची औषधाची फेरी तेवढी तुम्ही करा की."

साहेब खरोखरच आले, आणि तेही कोट न घालता. मी आजही ते दृश्य वर्गात उभं करते. त्यांच्या हातात ट्रे आहे, टेबलावरचा फोन वाजतो आहे, एक नातेवाईक 'सुट्टी कवा मिळणार' म्हणून मागं लागला आहे आणि फरशी पुसणारी मावशी त्यांनाच बाजूला व्हायला सांगते आहे. तुम्ही शांतपणे म्हणता, "वारणानगरच्या काकूंची गोळी ऱ्हायलीया." साहेब विचारतात, "वारणानगरच्या काकू कोण?" दोन हात वर होतात. "आम्ही दोघीबी तिकडच्याच. तुमास्नी कोण पायजे, पावणं?" सगळा वॉर्ड हसला. साहेब हसले नाहीत. तळहातावरच्या गोळीकडे बघत उभे राहिले. त्या दोघींना तुम्ही मुद्दाम शेजारी आणलं होतं का, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

फलकावरचा मेमो त्यांनी स्वतः काढला. वही केबिनमधून वॉर्डातल्या टेबलावर आली. त्याच पाळीत नोंदवलेल्या चुकीला मेमो नाही, असं ठरलं. पेशंटचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि चुकता चुकता राहिलेलंही लिहायचं, हेही ठरलं. माझं सगळं शिकवणं या एका निरीक्षणावर उभं आहे, बाई, आणि ते सांगताना मला अजून पहिल्या दिवसाइतकाच उत्साह येतो. परिचारिका लिहायचं की नाही, हे वहीच्या नमुन्याकडे बघून ठरवत नाही; आधी जिनं लिहिलं तिचं पुढं काय झालं, ते बघून ठरवते. म्हणून व्यवस्थापनानं पहिल्या नोंदीला दिलेलं उत्तर हेच पुढच्या सगळ्या नोंदींचं भवितव्य असतं. नोंदी वाढल्या तेव्हा साहेब घाबरले होते. तुम्ही म्हणालात, "थर्मामीटर लावला म्हणून ताप चढत न्हाय, साहेब. हुता तो दिसाय लागला." माझ्या पहिल्या नोंदीत मी 'चुकून' असं लिहिलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं होतंत. "ह्यातनं मला काय कळलं? कसं झालं ते लिही." तो शब्द मी पुन्हा कुठल्या नोंदीत लिहिला नाही.

आता राहिलेली गोष्ट. मुरगूडच्या मावशींच्या त्या प्रसंगाच्या चार दिवस आधी तेच इन्सुलिन घेऊन मी त्याच चुकीच्या खाटेपाशी उभी होते. ऑपरेशन व्हायचं होतं, मावशी पूर्ण जागी होती. दंडावर कापूस फिरवला तशी ती म्हणाली, "मला कुठली साखर, बाई? साखरंच्या मावशी पलीकडं बसल्यात की." आम्ही दोघी हसलो आणि मी पलीकडे गेले. कुणाला बोलले नाही, कारण बोलायचं म्हणजे केबिनचं दार वाजवायचं. त्या दिवशी बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही दोन्ही खाटा लांब केल्या असत्या. ती सिस्टर वारणानगरला गेली नसती, आणि मावशीवर ती सकाळ आली नसती.

नियम बदलल्यावरही मी बोलले नाही. मेमोची भीती संपली होती; तुमच्या नजरेतून उतरण्याची उरली होती. तुम्ही निवृत्त झालात, तुमच्याकडे मी दरवर्षी दिवाळीत आले, फराळ करून गेले, आणि मग एका वर्षी तुम्ही नव्हतात. आता नोंदवह्या माझ्याकडे येतात. व्यवस्थापनाच्या बैठकीत साहेबांच्या जागी मी बसते. हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन.

आज वर्ग सुटताना एका सिस्टरनं विचारलं, "मॅडम, इन्सुलिन द्यायच्या आधी चार-आठ दिवसांत दोघींची गल्लत कुणाच्याच ध्यानात आली न्हवती व्हय?"

"तशी नोंद नाही," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि ते उतरवून घेतलं.