जर्मन वेढ्यात मामांचा फेटा

पार्सिपनी, न्यू जर्सी

तीर्थरूप अरुणमामांस,

निमिषचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींच्या हातचं मेतकूट संपलं, यावरून आम्ही इकडे धडधाकट आहोत असं समजावं.

पत्रास कारण, तुमच्या भाच्याने जर्मनीत सांगलीचं नाव काढलं! सुट्टीत लोक पॅरिसला जातात. आम्ही रेणूच्या हट्टाने (हट्ट माझा होता, पण पत्र मी लिहितोय) एका तटबंदीच्या जुन्या गावी गेलो. पूर्वी कधीतरी तिथला वेढा उठला, म्हणून दर उन्हाळ्यात अख्खं गाव जुने कपडे घालून तो वेढा पुन्हा घालतं आणि पुन्हा उठवतं. दातांचे डॉक्टर भालाईत होतात, बँकेतल्या बाई कोंबड्या विकतात. पोशाख अस्सल असेल त्यालाच मिरवणुकीत जागा, आणि तो तपासायला वेशीवर एक कडक बाई. तिने एका अमेरिकन सरदाराला चेनच्या पँटपायी परत पाठवलं. माझ्या डोक्यावर मात्र तुम्ही माझ्या लग्नात बांधलेला फेटा होता! (आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: बांधलेला फेटा सोडायचा नाही, टोपीसारखा अलगद काढायचा आणि तसाच जपायचा. राइस कुकरच्या खोक्यात घालून विमानभर मी तो मांडीवर नेला. आमची रुही म्हणाली, "बाबा, प्लीज, यू आर सो एम्बॅरसिंग.") बाईंनी चारी बाजूंनी पाहिलं. शिवण नाही, बटण नाही, टाचणीसुद्धा नाही. मला थेट नगराध्यक्षांच्या घोड्यामागे उभं केलं. घोड्यामागे उभं राहण्याचे तोटे असतात, पण मान तो मान.

पुढे चौकात बाईंनी विचारलं, हे कापड आहे तरी केवढं? अशा वेळी सांगलीचा माणूस मागे हटतो का? शेमला दिला तिच्या हातात. ती चालत निघाली, मी जागच्या जागी गोल फिरत राहिलो. कापड कारंज्यापर्यंत पोचलं, तेव्हा भालाईतांनी भाले आपटून दाद दिली. मग नगराध्यक्षांनी स्वतःची टोपी काढून डोकं पुढे केलं. मी गंभीरपणे सांगितलं, की आमच्याकडे उतरलेला फेटा त्याच दिवशी पुन्हा बांधत नाहीत. (ही परंपरा तिथेच, उभ्या उभ्या सुरू झाली.) सगळ्यांनी आदराने माना झुकवल्या. रुहीसुद्धा म्हणाली, "बाबा, दॅट वॉज अ‍ॅक्चुअली कूल." मामा, छाती अजून खाली आलेली नाही.

मामींना नमस्कार सांगा, मेतकुटाची आठवणही करून द्या.

तुमचा,
निमिष

ता. क. पुढच्या उन्हाळ्यात नगराध्यक्षांना भर चौकात फेटा बांधायचा मान मला मिळालाय. मी हो म्हणून बसलोय.

ता. क. २. व्हिडिओ बघून बांधून पाहिला. रेणू म्हणाली, "अरे, कुठे धडपडलास?" खरं सांगतो मामा, त्या चौकात शेवटचा पेच सुटला तेव्हा गलबलून आलं. बाबा नव्हते, म्हणून मांडवात तुम्ही तो बांधलात आणि कानात म्हणालात, "आता ताठ राहा." ते कापड मी अजून धुऊ दिलेलं नाही.

ता. क. ३. फेटा बांधायला माझे मामा जातीने येताहेत, असं जर्मनीला कळवून टाकलंय. तेव्हा पासपोर्ट काढा आणि गुडघा जपा. मात्र आधी माझ्या डोक्याला बांधायचा, नगराध्यक्ष थांबतील.