ताईला दिलेली बाटली

प्रिय ताई,

पाकीट हातात पडताच तुझ्या काळजाचा ठोका चुकेल, म्हणून आधीच सांगून टाकतो: आई ठणठणीत आहे, माझी नोकरी शाबूत आहे, घरात कुणालाही काही झालेलं नाही. फोन हाताशी असताना हा शहाणा पत्र का लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. तीनदा लावला होता फोन. पहिल्यांदा भावोजींनी उचलला आणि स्पीकर लावून तुझ्या उशाशी ठेवला. दुसऱ्यांदा तू इतकी छान हसत होतीस की माझी जीभच उचलेना. तिसऱ्यांदा मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिला. तोंडाने जमत नाही ते हाताने करून बघतो. दुकान दुपारी दोन तास बंद असतं, मालक जेवायला घरी जातात, आणि मी काउंटरमागे बसून काचांच्या ऑर्डरच्या जुन्या कागदांच्या पाठीवर हे लिहितोय. मला भीती वाटते आहे ताई. तुझ्या पोटातल्या बाळाची भीती. आणि तिचं कारण मी आहे. कसं ते सांगतो, पण मला पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर मी मधेच शेपूट घालीन.

माझं थोबाड तुला नव्याने सांगायला नको. पंधराव्या वर्षी पुटकुळ्या आल्या तेव्हा सगळे म्हणाले, वयाच्या आहेत, जातील. वय गेलं, त्या राहिल्या. गालांवर, हनुवटीखाली, मानेवर, पाठीवर, आतून पिकलेल्या, दुखऱ्या गाठी. कूस बदलली की उशीला रक्त लागायचं. कुणी लिंबू लाव म्हणालं, कुणी टूथपेस्ट, कुणी सांगितलं दिवसातून दहा वेळा तोंड धू. मी सगळं केलं, टूथपेस्टसुद्धा, आणि दोन दिवस चुना फासलेल्या भिंतीसारखा हिंडलो. आईचं एकच पालुपद, पुरुषाच्या रूपाला काय चाटायचंय. आणि नोकरी कुठे लागावी, तर चष्म्याच्या दुकानात, जिथे चारही भिंतींना आरसे. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर पट्टी घेऊन त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर उभं राहावं लागतं. एकदा एका बाईंनी मान मागे घेतली. मी पुढे सरकलो, त्या आणखी मागे. शेवटी मालकांनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि मला आत काचा घासायला बसवलं. ते वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी कॅप्सूल दिल्या. औषध जालीम आहे म्हणाल्या, सहा महिने घ्यायचं, दर महिन्याला माझ्याकडे येऊन रक्त तपासायचं, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. एक छापील कागद पुढे ठेवला. त्यावर बरंच काही होतं, दारू नको, हे औषध दुसऱ्या कुणाला देऊ नका, उदास वाटायला लागलं तर लगेच सांगा, आणि औषध चालू असताना व बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नका. बाई एकेक ओळ वाचून दाखवत होत्या आणि मी मान डोलवत होतो. मला त्यातलं एकच ऐकू येत होतं, की चेहरा साफ होईल. सही ठोकली. कॅप्सूलच्या पाकिटावर एका गरोदर बाईचं चित्र असतं आणि तिच्यावर तांबडी फुली. ते मी रोज बघायचो. म्हटलं, हे बायकांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं.

घरी कुणाला सांगितलं नाही. आईने यकृताचं ऐकून डोक्यावर हात मारून घेतला असता. आणि भावोजी, राग मानू नकोस, पण तुझ्या घरभरणीला चार माणसांत ते म्हणाले होते ना, की साल्याला लग्नाच्या बाजारात उभा करायचा तर आधी पॉलिश मारून घ्या. सगळे हसले, मीही हसलो. मग पॉलिश मारायला निघालोय हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार. कॅप्सूलची पाकिटं मी बुटांच्या खोक्यात ठेवायचो आणि रोज जेवणाबरोबर एक गिळायचो.

पहिला महिना आगीतून फुफाट्यात. चेहरा होता त्याहून बिघडला. ओठ फुटून त्यांची सालपटं निघायची, जांभई दिली की कोपऱ्यातून रक्त. नाक आतून इतकं कोरडं की शिंकलो की रुमाल लाल. गुडघे म्हाताऱ्यासारखे कुरकुरायचे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासणाऱ्या मला स्वतःच्याच डोळ्यांत थेंब घालत बसावं लागायचं. पण दुसऱ्या महिन्यात एका सकाळी दाढी करताना ब्लेड गालावरून सरळ खाली गेलं. कुठे अडलं नाही. ताई, मी तिथेच रडलो. इतका आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

त्यानंतर पाचव्या दिवशी तू जिन्यावरून पडलीस.

तुला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही म्हणतेस. मला सगळं आठवतं. मांडीचं हाड मोडलेलं, आतल्या आत रक्त गेलेलं, आणि तुला दुसरा महिना. याआधी दोनदा दिवस राहून जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण कुणी तोंडातून काढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन थांबवता येणार नाही, रक्त लागेल. तुझा गट तो दुर्मिळ निगेटिव्ह, रक्तपेढीत एकच बाटली. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या दोघांचा गट एक आहे हे त्यांना ठाऊक होतं. रक्त देणाऱ्याचा फॉर्म त्यांनीच भरायला घेतला, काउंटरशी उभं राहून. एकेक प्रश्न वाचायचे, मी उत्तर द्यायचो, ते खूण करायचे. कावीळ झाली होती का, नाही. दात काढलाय का, नाही. सध्या काही औषध चालू आहे का. मी थांबलो. त्यांनी पेन उचलून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नाही.

मला बाईंचा कागद आठवला होता, ताई. हे तुझ्यापासून लपवणार नाही. रक्त देऊ नका ही ओळ मला चांगली आठवली होती. पण मला वाटलं, ती मनाई माझ्यासाठी आहे. औषध जालीम, अंग कोरडं पडतंय, अशात रक्त दिलं तर मला अशक्तपणा येईल, यकृतावर ताण पडेल, म्हणून नको म्हणत असतील. माझं काय व्हायचं ते होवो, ताई वाचली पाहिजे, असं मनाशी म्हणत मी छाती काढून त्या खुर्चीत बसलो. मोठा त्याग करतोय असं वाटत होतं मला. ठोंब्या म्हणतेस ते उगीच नाही.

तू वाचलीस. बाळ टिकलं. भावोजींनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली, आई येईल त्याला सांगत सुटली की माझ्या लेकाने बहिणीला रक्त दिलं. तू शुद्धीवर आल्यावर म्हणालीस, आता तुझा आळस माझ्या अंगात भिनणार. मी तीन आठवडे हवेत होतो. मग महिन्याच्या तपासणीला बाईंकडे गेलो. रक्त जरा कमी दिसतंय म्हणाल्या, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, दिलंय म्हणून. बाईंनी पेन खाली ठेवलं. कुणाला, म्हणाल्या.

मी म्हणालो, शिबिरात. का म्हणालो, कोण जाणे. त्यांचा चेहरा बघूनच माझी पाचावर धारण बसली होती. मग त्यांनी मला सांगितलं. हे औषध रक्तात असतं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तच. मनाई त्यासाठी असते, तुमच्या अशक्तपणासाठी नव्हे. मी विचारलं, कितपत धोका असतो. त्या म्हणाल्या, एका बाटलीत औषध अगदी थोडं जातं, बहुधा काही होत नाही, पण खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही, म्हणून ज्यांना ते गेलं त्यांच्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. शिबिराची तारीख विचारली. मी म्हणालो, आठवत नाही. तारीख शोधून आणायला त्यांनी बरोबर एक आठवड्याची मुदत दिली. त्यानंतर मी त्यांच्याकडे पाऊल ठेवलेलं नाही. कॅप्सूलही बंद केल्या. त्यांचे फोन येतात, मी उचलत नाही.

या गोष्टीला सात आठवडे झाले. सात आठवडे मी चोरासारखा जगतोय. दुकानात कुणी लहान मूल घेऊन आलं की माझी नजर आधी त्याच्या कानांवर जाते, ओठांवर जाते, बोटं मोजते. परवा एक बाई दोन वर्षांच्या पोरीला घेऊन आल्या. जाड भिंगाचा चष्मा हवा होता. मी पट्टी धरली आणि पोरीची बोटंच मोजत बसलो, आकडा घ्यायचा राहिला. मालकांना वाटलं, जेवलो नाही. चेहरा माझा आता स्वच्छ आहे. गिऱ्हाइकं मान मागे घेत नाहीत, मालकांनी मला पुन्हा पुढे उभं केलंय, आई म्हणते मुलगी बघायला लागू. आणि मी आरशात बघितलं की मला वाटतं, ही कातडी मी कुणाच्या जिवावर साफ करून घेतली. बाई म्हणाल्या होत्या उदास वाटलं तर सांगा. हे उदास वाटणं नाही ताई, ही निव्वळ भीती आहे, सकाळी डोळा उघडायच्या आत छातीवर येऊन बसते. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज म्हणायचो बाळात व्यंग आहे का ते बघायची मोठी सोनोग्राफी, ती येत्या गुरुवारची, होऊन जाऊ दे. सगळं नीट निघालं तर सांगायची गरजच काय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग काल तुझा फोन आला. तू म्हणालीस, मला ती सोनोग्राफी करायचीच नाही. एक्स-रे झाले, भूल झाली, काय काय त्या बाळावरून गेलंय, आता आत जे आहे ते आहे, आधीपासून काही वाईट ऐकायची माझ्यात ताकद नाही. तुझे भावोजी ऐकत नाहीत, तू सांग त्यांना, तुझा शब्द ते मोडणार नाहीत. मी म्हणालो, बरं, सांगतो. एका क्षणात म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं, इतकं मोकळं, की मी शीळ घालत दोन फ्रेम जोडल्या. तिसरी हातात घेतली आणि कळलं, मी कशाने खूश झालोय. तू भिऊन तपासणी टाळतेस, आणि मी तुला टाळू देतोय, कारण मग कुणाला काही कळणार नाही. फॉर्मच्या वेळी मी मूर्ख होतो, पण काल नव्हतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हणून हे पत्र. सोबत कॅप्सूलच्या पाकिटाचा पुठ्ठा आहे, मागे किती ताकदीची, कधीपासून घेत होतो, रक्त कोणत्या दिवशी दिलं, आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर, सगळं लिहिलंय. हे तुझ्या डॉक्टरांच्या हातात दे, म्हणजे कुठे नीट बघायचं ते त्यांना कळेल. बाईंना मी आजच फोन करून खरं सांगतो. बुधवारी संध्याकाळी तुझ्याकडे येतो आणि भावोजींना मी स्वतः तोंडावर सांगतो, तू सांगू नकोस. त्यांनी थोबाडीत मारली तर मारू दे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसेन. पण गुरुवारी तू आत जा, ताई. मला कितीही भीती वाटली तरी तू जा.

तुझाच,
ठोंब्या