माशांना लावलेली तीट

मरीन परेड, सिंगापूर
४ मार्च २०१४

ती. वन्सं यांस,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं आपण सोडलं ते बरं झालं. मागच्या खेपेला मी विचारलं जेवलात का, तर तुम्ही म्हणालात बारा तारखेला. माझं ओरडणं ऐकून शेजारची चिनी बाई धावत आली होती. पत्राला कान लागत नाहीत.

तर ऐका, म्हणजे वाचा. मला नोकरी लागली! हसू नका, कवळी पडेल. आपली अश्लेषा दर रविवारी पाठीवर नळकांडं बांधून समुद्रात उतरते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या मंडळातर्फे इथल्या माशांची एक पुस्तिका निघतेय, शाळेतल्या पोरांसाठी. फोटो सगळे आपल्या सूनबाईंचे. पण इथला समुद्र म्हणजे नुसतं घुसळलेलं ताक. फ्लॅश मारला की पाण्यातला कण न् कण चमकतो, आणि मासा जणू पिठाच्या गिरणीत उभा! ते ठिपके लॅपटॉपवर एकेक करून काढावे लागतात. तिला ऑफिसातून वेळ नाही, माझ्या लेकाला, प्रबोधला, धीर नाही. मग म्हटलं, मी करते. सातवी पास असले तरी तांदूळ निवडण्यात माझा हात कुणी धरलाय? ठिपक्यावर बाण न्यायचा, टिचकी मारायची, खडा गायब. त्याच नावानं सेव्ह करायचं, की झालं.

तिनं एकच बजावलंय, पाणी हवं तेवढं स्वच्छ करा, माशाच्या अंगाला हात लावायचा नाही.

आता एक गंमत सांगते, पोटात ठेवा. मासे इतके देखणे निघतात हो, पिवळेधमक, निळेशार! शाळाभर पोरं त्यांच्याकडे टकामका बघणार. दृष्ट नाही का लागायची? म्हणून प्रत्येकाच्या उजव्या डोळ्यामागे मी एक बारीकशी काळी तीट लावते. एकाला तर शेपटाजवळ देवानंच लावलेली होती. तरी मी आपली दुसरी दिली.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच असू द्या, कान कमी झाले तरी.

तुमची,
इंदू


मु. पो. तांबवे
१८ मार्च २०१४

गं. भा. इंदूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारच्या दिलीपकडून दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा फक्त कवळीवरचं वाक्य पुन्हा ऐकायला. म्हातारी झालीस तरी जीभ तशीच.

गुडघा बरा आहे. गाय व्याली, कालवड झाली. मी कालवडीला तीट लावली, कारण तिला धनी मी आहे. तू दुसऱ्याच्या माशांना लावतेस, ते त्या पोरीला विचारलंस का? तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मला यातलं काही कळत नाही, पण सांगितलेलं न ऐकणं मला चांगलं कळतं. तुझ्यासोबत चाळीस वर्षं काढली आहेत.

आणि तू निघालीस तेव्हा काजळाची डबी दिली होती, ती कुठं आहे? पत्र टाकत जा, दिवस जात नाही.

तुझी,
यमूवन्सं


मरीन परेड, सिंगापूर
८ एप्रिल २०१४

ती. वन्सं यांस,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दिलीपकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा आणि तुम्हीच वाचा.

माझ्या हातून वाईट झालंय. ते सत्तावीस फोटो मंडळाच्या डॉक्टर लिम बाईंकडे तपासायला गेले. त्या माशांमधल्या मोठ्या जाणकार. त्यांनी पाहिलं की नऊ जातींचे मासे, आणि सगळ्यांच्या उजव्या डोळ्यामागे सारखाच काळा डाग. त्यांना वाटलं, माशांत नवा रोग आला. त्यांनी अश्लेषाला लिहून विचारलं, फोटोत कुणी काही केलंय का. तिनं काय उत्तर पाठवलं ते प्रबोधनं जेवताना वाचून दाखवलं. लिहिलं होतं की फोटो माझ्या सासूबाईंनी साफ केले, त्यांनी फक्त पाण्याला हात लावलाय, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.

वन्सं, घास तोंडात होता. मी पाणी प्यायले, आणि आमटीत मीठ कमी झालं म्हणाले.

त्याला आता सोळा दिवस झाले. मूळ फोटोही नाहीत. मी त्यांच्यावरच सेव्ह करत गेले, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तिनं पुढच्या खेपेसाठी पुसलं. दोन रविवार ती तो रोग शोधायला खाली उतरतेय. डागवाला मासा एकही सापडत नाही. परवा आली ती कान धरून, आतून ठणकत होता. मी लसूण घालून तेल कोमट केलं, तिच्या कानात सोडलं. तिनं डोळे मिटून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मंडळात आता कुजबूज आहे की हिनंच काहीतरी केलं असेल, नाव व्हावं म्हणून.

जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, आणि एक वाक्य बोलायला जीभ उचलत नाही. या खेपेला लोभ वाढवा असं लिहायलाही हात धजत नाही.

इंदू


मु. पो. तांबवे
१७ एप्रिल २०१४

गं. भा. इंदूस,
अ. उ. आ.

स्पीड पोस्टानं पाठवतेय. पैसे गेले, जाऊ देत.

आठवतंय? नवी लग्न होऊन आलीस आणि तुझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या तपकिरीत मिरपूड घातलीस. बोलणी मी खाल्ली, तू दाराआड होतीस. तीन दिवस माझ्या पुढं पुढं केलंस, माझी भांडी घासलीस, वेणी घातलीस, पण आप्पांना जाऊन सांगितलं नाहीस. आता तेल कोमट करतेस. माणूस तेच, भांडं वेगळं.

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तू सोळा वर्षांची होतीस. आता चौसष्टची आहेस.

आणखी एक. रागावलीस तरी लिहिते. तीट लेकराला लावतात. डबी मी तुला नातवंडासाठी दिली होती. सहा वर्षांत नातवंड झालं नाही, आणि तू माशांना लावत सुटलीस. ती पोर शहाणी आहे, यामागचा अर्थ तिला कळणार नाही असं समजू नकोस.

हे पत्र हातातून खाली ठेवायच्या आधी तिला सांग. नाही सांगितलंस तर दिलीपकडून मी तिला पत्र लिहवून घेईन.

तुझी, तेव्हाही आणि आत्ताही,
यमूवन्सं


मरीन परेड, सिंगापूर
१२ मे २०१४

ती. वन्सं यांस,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चोवीस एप्रिलला, गुरुवारी आलं. तोवर आणखी दोन रविवार ती पाण्यात जाऊन आली होती. ते माझ्याच नावावर.

अश्लेषा न्हाणीघरात पाण्यात घालायचा चष्मा धूत होती. पत्र हातात धरूनच मी दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. तिनं नळ बंद केला. मग म्हणाली की शनिवारी मंडळाची मीटिंग आहे, तुम्ही यायची गरज नाही, मी सांगेन. मी म्हटलं, मीच येणार.

वीसेक माणसं होती. मी उभी राहून मराठीत बोलले, ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. तीट म्हणजे काय हे सांगताना ती अडखळली, मग बेबी असं काहीतरी म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली. कुणी हसलं नाही. वन्सं, कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. लिम बाईंनी वहीत लिहून घेतलं, मला थँक्यू म्हणाल्या. सत्तावीस फोटो बाद. पुस्तिका जूनमध्ये यायची होती, ती आता वर्षाच्या शेवटावर गेली.

त्यानंतर दोन आठवडे घरात सगळं नीट होतं. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, अहो आई म्हणून हाक. पण मी काही विनोद केला की ती उठून आत जायची. परवा पोळ्या लाटता लाटता तिनं एवढंच विचारलं, की सहा वर्षं मी दर रविवारी समुद्रात जाते, तर माशांना तीट लागली आणि मला एकदाही कशी नाही लागली.

उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. डबी कुणासाठी राखून ठेवली होती ते तिला ठाऊक होतं, सहा वर्षं ठाऊक होतं. तुमचं बरोबर होतं. मी मान खाली घालून पोळी भाजत राहिले, ती करपली. तिनं ती काढली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

काल रविवार. ती पिशवी खांद्यावर घेऊन दारात बूट घालत होती. मी डबी आणली. काजळ वाळून खडखडीत झालेलं, तेलाचं बोट लावून कसंबसं सुटलं. तिनं आपणच केस मागं घेतले आणि कान माझ्यापुढं केला, तोच, मागं ठणकलेला. तीट जरा मोठीच लागली.

चारला परत आली. कानामागं काही राहिलं नव्हतं, समुद्रानं धुऊन नेलं. चार माशांचे फोटो पुन्हा मिळाले म्हणाली. लॅपटॉप अजून माझ्या हाती दिलेला नाही, आणि मागायला मला तोंड नाही.

एक काम करा. दिलीपकरवी टपालानं घरचं काजळ पाठवा, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. मोठी डबी भरून पाठवा. अजून तेवीस मासे राहिलेत.

तुमची बोलणी अशीच चालू असू द्या, हेच मागणं.

तुमची,
इंदू