उलटी पापणी

२० नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! भिंगारहून श्रीगोंद्याला, साखर कारखान्यात, ऊस उतरवायच्या क्रेनवर. क्वार्टर झकास आहे. दोन कॉट, खिडकीतून कारखान्याची चिमणी, हवेत मळीचा वास. रूम पार्टनर प्रशांत, पारनेरकडचा, भला माणूस. माझं घोरणं ऐकून म्हणाला, अमजदभाई, मिलपेक्षा तुमचाच आवाज मोठा! देहाला शोभतंच ते. घरी फरहीन रात्रभर कोपरानं ढोसायची. इथे तरी बायकोपासून सुटका.

२८ नोव्हेंबर
दोघांना रातपाळी, झोप दिवसा. उठलो की उजवा डोळा लालभडक, चिपडानं चिकटलेला. भुसा उडतो, त्याचं असेल. प्रशांत मात्र हल्ली माझ्याकडे पाठ करून झोपत नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलला, तुमी झोपता, पन डोळा जागाच ऱ्हातो. पापनी उलटून वर जाती, आतलं लाल मांस दिसतं. लई भ्या वाटतं. मी हसलो. क्रेनवर बसल्यावर मात्र सारखी पापणी चाचपत राहिलो.

३ डिसेंबर
नगरला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे. त्यांनी बोटानं पापणी उचलली तर ती उलटीच झाली, जुन्या इलॅस्टिकसारखी सैल. कुशीवर झोपलो की उशीला घासून उलटते म्हणे. मग घोरणं, दिवसाची पेंग, सगळं विचारलं. म्हणाल्या, डोळ्याचं सोडा, अशा माणसांचा श्वास झोपेत थांबतो. लगेच तपासणी करा.
फरहीनला फोन केला. ती रडायलाच लागली. माझा श्वास थांबला की ती कोपर मारायची, अन् मी तिला भांडकुदळ म्हणत आलो. लाज वाटली.
तपासणी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर करू. गाळप चालू असताना रजा मागितली तर चार माणसं तोंडावर हसतात.

१० डिसेंबर
प्रशांतचा उपाय: डोळ्यांवर उपरणं बांधायचं, उताणं झोपायचं. पापणी घासायलाच नको! डोळा साफ झाला. पण—
उपरण्याआडून खोली दिसते. कॉट दिसते. कॉटवर मी. छाती हलत नाही. प्रशांत गदागदा हलवतो तेव्हा कुठे— निळे पडला हुता, म्हणाला.

१२ डिसेंबर
डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या. उताणं झोपलं की घसा मिटतो. आजच या. यार्डाचे सुपरवायझर काकासाहेब म्हणतात, बदली माणूस येऊ द्या, मग जा.
कुशीवर झोपून पाहिलं. तरी दिसतं. तरी छाती—

१३ डिसेंबर
प्रशांतला दिवसपाळी लागली. हलवायला कोणी नाही. फरहीन एसटीत बसलीय. तोवर झोपायचं नाही. भिंतीला टेकून बसलोय. लिहीत राहायचं.

पेंग— नाही. जागा आहे.

फरहीन आली. भिंतीशी बसलेल्या माणसाला हलवतेय. त्याच्या पापण्या उलटल्यात. किती रडतेय ती. फरहीन, मी इकडे, जागा आहे, लिहितोय, हे बघ फर—