जाळी धड होती

मी, खाली सही करणारा, इंजिन शेडचा एकेकाळचा फिटर, आता निवृत्त, शेडभर ‘जाळीवाला’ याच नावाने ओळखला गेलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. वय दाखल्यावर आहे ते धरावे. डोळ्यांना कमी दिसते, कान एकच चालतो, पण डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरबाईंनी उलटसुलट प्रश्न विचारून तशी खात्री करून घेतली आहे. मला कोणी धमकावलेले नाही, पाजलेले नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. गोड बोलणारे आता कोणी उरलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करायची हौस नाही.

१. देह. माझा देह जाळू नये, पुरावा. स्मशानाच्या धुराड्याला जाळी आहे का, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो. नाही. भोवती वाळलेले गवत कमरेएवढे. तिथल्या माणसाला तसे बोललो तर म्हणाला, “आजोबा, तुम्हाला कशाला काळजी? तुम्ही तर आतच असणार.” माणूस हजरजबाबी आहे, पण गवत काही कापत नाही.

२. घर. शेडच्या भिंतीला लागून असलेले माझे दोन खोल्यांचे घर स्वकष्टार्जित आहे. ते, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह आणि गळणाऱ्या नळासह, माझ्या पुतणीला मिळावे. मी खुब्याचे हाड मोडून पडलो तेव्हा ती शिवणयंत्र घेऊन मागच्या खोलीत राहायला आली आणि गेली नाही. तिच्या बापाचे घर तिच्या भावाच्या नावावर झाले आहे, तेव्हा माझ्यामागे तिला डोक्यावर छप्पर नाही. मला बायको नाही, मूल नाही. वकील म्हणतात, हा कागद नसेल तर सगळे कायद्याने तिच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला जाईल, म्हणजे फिरून त्या मुलालाच.

बँकेत जे काही असेल तेही तिचेच. फार नाही. राख उपसणाऱ्याला किती साठवता येणार!

३. ट्रंकेतली जाळी. ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेला तारेच्या जाळीचा तुकडा आहे. तोही पुतणीला. ती तो उचलून भंगारात टाकेल, म्हणून तो काय आहे ते सविस्तर लिहितो.

कोळशाच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोराने सोडतात. जाताना ती भट्टीतली हवा आपल्यामागे ओढते, त्याने आग फुलते, आणि त्यावर गाडी चालते. पण हवेबरोबर जळते निखारेही वर येतात; चढावर इंजिन जोर करते तेव्हा तर मूठमूठभर. ते बाहेर पडून रुळांकाठी आग लागू नये म्हणून इंजिनाच्या पोटात मोठी तजवीज असते. भट्टीत विटांची कमान असते, तिला वळसा घालताना बरेच निखारे जळून संपतात. पुढे धुराड्याखालच्या पेटीत तिरका पत्रा असतो, त्यावर उरलेले आपटून फुटतात. त्यापुढे जाळी. तिच्यातून जे निसटेल ते इतके बारीक असते की जमिनीवर येईपर्यंत विझते. खाली राखपेटी, तिला झडपा आणि पाण्याची नळी, म्हणजे निखारे रुळांवर सांडायला नकोत. कमान गवंड्याची, राखपेटी दुसऱ्याची, जाळी माझी.

ड्रायव्हर लोक जाळीला शिव्या घालत. काजळीने ती बुजते, ओढ कमी होते, वाफ बसते आणि गाडी चढावर दम टाकते. जाळी वेळच्या वेळी झाडावी, हा त्यावरचा उपाय. पण काही जण चढाआधीच्या स्टेशनात धुराड्याखालच्या पेटीचे दार उघडून भट्टी उकरायचा गज जाळीत खुपसत आणि तिला भोक पाडत. याला ते ‘इंजिनाला श्वास देणे’ म्हणत. परत आल्यावर “जाळी जळाली रे” म्हणून सांगत, आणि मी नवी बसवत असे. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होते. साहेबांनाही असावे, कारण गाड्या वेळेवर धावत होत्या.

४. थोरला भाऊ. माझा थोरला भाऊ, दादा, निवृत्त ड्रायव्हर. बाप गेल्यावर त्याने मला वाढवले, शेडमध्ये चिकटवले, माझे लग्न लावून दिले. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला कृतघ्न म्हणू नये. दादाची गाडी कधी उशिरा आली नाही. लोक तिच्यावर घड्याळे लावत.

चढावरच्या फाटकाचा गेटमन माझा सासरा. फाटकाला लागून त्याची गवताने शाकारलेली खोपटी होती. एका उन्हाळ्यात माझी बायको ताप अंगावर घेऊन माहेरी गेली होती आणि दुपारची आत झोपली होती. दादाची गाडी चढ चढत आली. गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत गेटमनने गाडीकडे तोंड करून हिरवे निशाण धरायचे, पाठ फिरवायची नाही, असा नियम. सासरा नियमाचा पक्का. खोपटी त्याच्या पाठीमागे होती. दादाने त्याला ओळखीची शिट्टीही दिली. डबा गेला, सासरा वळला, तेव्हा छप्पर पेटलेले होते. तो आत शिरला. दोघेही बाहेर आले नाहीत.

ते इंजिन शेडमध्ये आल्यावर जाळी मीच उतरवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जळून तुटणारी तार आधी झिजते, टोकाला सुईसारखी बारीक होते. ही तार जाड होती आणि वाकलेली होती. पुतणीने तुकड्यावरून बोट फिरवून पाहावे. तिला शिवणाचे कळते, फाटलेले आणि फाडलेले यांतला फरक तिला मी सांगायला नको.

चौकशीत दादा म्हणाला, “शेडमधून निघतानाच जाळी धड नव्हती.” मी साहेबांपुढे तुकडा ठेवला. त्यांनी विचारले, “म्हणजे तुमचा भाऊ खोटं बोलतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?” दादा समोर उभा होता. त्याच दिवसांत त्याची बायको पहिलटकरीण होती. मी तुकडा उचलून परत खिशात घातला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसे झाले. माझे फिटरचे काम काढून घेतले आणि इंजिनाखालच्या खड्ड्यात राख उपसायला मला लावले. निवृत्तीपर्यंत तेच केले. बायको जिच्यात गेली ती राख रोज घमेल्याने उचलली.

घरात मात्र गोष्ट अशी रुजली की काकांची जाळी फाटली म्हणून काकी गेली. पुतणी हीच गोष्ट ऐकत वाढली. गेल्या पावसाळ्यात माझे पाय चेपता चेपता ती म्हणाली, “काका, चूक माणसाच्याच हातून होते. मी कधी मनात धरलं नाही हो.” ती मला क्षमा करत होती! मी भिंतीकडे तोंड केले. दुखतंय का, असे तिने विचारले. हो म्हटले.

मला दुसरे काही नको. माझ्या हाताने तिची काकी मेली नाही, एवढे तिला कळावे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे कोणी म्हणाले तर म्हणू दे.

५. फायरमन. दादाच्या त्या गाडीवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला, तो वारला असला तरी, आणि त्याच्या वारसांना माझ्याकडून काहीही मिळू नये. कारण हे. चौकशीनंतर काही वर्षांनी दादा माझ्याकडे बसला असताना आपणहून बोलला, “मी नुसतं म्हणालो, वाफ बसतेय. गज त्याने घातला रे.” सांगणारा दादा, पण हात त्याचा. फायरमन एकदा माझ्या दारात आला होता, टोपी हातात धरून. त्याने तोंड उघडायच्या आत मी दार लावून घेतले. त्याच्या मयतीलाही मी गेलो नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

६. हत्यारे. पाने, छिन्न्या, तार कापायची कात्री, सगळे तेल लावून पेटीत आहे. कोणाला द्यावे ते सुचत नाही. लायक माणूस सापडेपर्यंत पेटी कॉटखाली राहू द्यावी.

७. पहिल्या साक्षीदाराची जागा. दादाला या मृत्युपत्राने घर नाही, पैसा नाही. त्याला मी फक्त पहिल्या साक्षीदाराची जागा देतो. तिथे दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. वकील म्हणाले, “साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही.” मी म्हटले, “या साक्षीदाराला लागेल.”

दादा, तू दर रविवारी काठी टेकत येतोस, चहा पितोस, हवेचे बोलतोस आणि जातोस. या रविवारी हे वाच. सही केली नाहीस तर कागद रद्दी आहे. मग सगळे तुझे, आणि तुझे नावही शाबूत. सही केलीस तर घर तुझ्या लेकीचे, आणि माझ्यामागे तिला हे सगळे कळेल. मी तुला एका शब्दाने आग्रह करणार नाही.

सही: जाळीवाला

पहिला साक्षीदार: वाचले. जाळी धड होती. कलम पाचात चूक आहे. फायरमन खाली उतरलाच नाही. “उस्ताद, गवत वाळलंय, नको,” असे तो म्हणाला. गज मी घातला. चौकशीत त्याला गप्प मीच बसवले.
सही: थोरला भाऊ, निवृत्त ड्रायव्हर

दुसरी साक्षीदार: दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघेही शुद्धीवर आहेत. पहिल्या साक्षीदाराला लिहायला बराच वेळ लागला. हात कोणी धरला नाही.
सही: डॉक्टरबाई

पुरवणी, त्याच बैठकीत लिहिलेली. कलम पाच रद्द. हत्यारांची पेटी फायरमनच्या मुलीला द्यावी. ती पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहते. पेटी जड आहे, पुतणीने एकटीने उचलू नये. दादाने बरोबर जावे आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले आहे ते त्या मुलीला पुतणीच्या देखत तोंडाने सांगावे. मृत्युपत्रातले मरणानंतर द्यायचे असते, हे मला समजते. हे कलम मात्र उद्यापासून लागू. मला चालवेल तेवढे मीही येईन. तिने दार लावून घेतले तर वाजवत बसू नये, पेटी पायरीवर ठेवून परत यावे.

सही: जाळीवाला
सही: थोरला भाऊ
सही: डॉक्टरबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: रविवार, डॉक्टरबाईंच्या शिक्क्याखाली आहे ती